रोटोरुआत दोन दिवस: कुठं पैसे घालवावेत, कुठं नाही?

निवृत्त_कंट्रोलर

नमस्कार मंडळी,

मी जुळे सोलापुरात राहतो. एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालो. थोरला मुलगा न्यूझीलंडला हॅमिल्टन गावी असतो. बरेच दिवस "या, या" चाललं होतं, यंदा त्यानं सरळ तिकिटंच काढून पाठवली. गड्ड्याची यात्रा झाल्याशिवाय मी हलणार नाही असं सौ.नं बजावल्यामुळं फेब्रुवारीत निघतोय. नंदीध्वज आणि अक्षता सोहळा सोडून परदेश, हे आमच्या घरात बसत नाही.

मुलाच्या सुट्टीत दोन दिवस फिरायला मिळतात. तो म्हणतो रोटोरुआला जाऊ, हॅमिल्टनपासून शंभर-सव्वाशे किलोमीटर. ज्वालामुखीच्या खड्ड्यात झालेलं तळं, उकळता चिखल, उडणारं गरम पाणी, तिथल्या मूळच्या माओरी लोकांचं गाव, असं बरंच काही आहे म्हणे. मी व्हिडिओ पाहिले. तर त्या गावात जिकडंतिकडं वाफा निघतात आणि प्रत्येक वाफेला वेगळं तिकीट आहे!

मुलगा पैसे भरेल हो, प्रश्न तो नाही. पण चार ठिकाणी एकच गोष्ट बघायला मला आवडत नाही. सौ.चे गुडघे दुखतात, पायऱ्या जमत नाहीत, सपाटीला चालते. नातू सहा वर्षांचा आहे. आणि मला नुसतं "बघा किती सुंदर" नको, त्या जागेची हकीकत पाहिजे. सिद्धेश्वर तलावाच्या काठी वाढलेला माणूस मी, नुसतं तळं दाखवायला मला बारा हजार किलोमीटर नेऊ नका.

कुणी राहून आलेलं असेल तर सविस्तर लिहा.

फिरस्ता_औंध

टूरबरोबर एक रात्र होतो. गोंडोलानं, म्हणजे रोपवेच्या पाळण्यानं, डोंगरावर जायचं, वरून तळं दिसतं, मग लूज नावाच्या चाकाच्या गाडीवरून घसरत खाली यायचं. नातू खूश होईल. मेंढीची लोकर कापायचा शो पण छान. गीझर, म्हणजे जमिनीतनं उडणारं गरम पाणी, बघायला 'ते पुइया' नावाचं ठिकाण. संध्याकाळी माओरी नाच आणि जेवण. दोन दिवसांत आरामात होतं. वास मात्र सहन करा, सगळ्या गावाला कुजक्या अंड्याचा वास आहे.

सातरस्ता

काका, नमस्कार. मी नावाप्रमाणं सात रस्त्याजवळचीच. लग्नानंतर बरीच वर्षं रोटोरुआत काढली. ह्यांची नोकरी लाकडाच्या कारखान्यात आणि मी एका मोटेलात खोल्या आवरायचे. आता परत सोलापुरात आहोत. जरा लांबलचक लिहिते, चहा घेऊन बसा.

वरच्यांनी सांगितलेला लूज नातवाला आवडेल, एखादा तास द्या. पण डोंगर आहे तिथं गोंडोला कुठंही बांधता येतो. मेंढ्या तर तुम्हाला हॅमिल्टनपासून रस्ताभर दिसणारच आहेत, त्यांना अजून पैसे देऊन काय बघायचं!

माझं म्हणणं असं, की रोटोरुआत गीझर मोजत फिरू नका. तिथं एक रात्र झालेली आहे, 10 जून 1886 ची, तारावेरा ज्वालामुखी फुटला ती. त्या रात्रीच्या आधी काय होतं, रात्री काय झालं आणि वाचलेली माणसं कुठं गेली, या क्रमानं बघितलं तर दोन दिवस पुरतात आणि एकही जागा दुसरीसारखी वाटत नाही.

आधी गावात. पहिल्या सकाळी कुइराउ पार्कला जा. तिकीट नाही. साधी महापालिकेची बाग, झोपाळे-घसरगुंड्या आहेत, आणि बाजूला लाकडी कठडा घालून उकळतं तळं. वारा फिरला की वाफ अंगावर येते आणि पुढचा माणूस दिसेनासा होतो. 2001 साली या बागेत अचानक स्फोट होऊन चिखल आणि दगड उडाले होते, त्यामुळं कठड्याजवळ नातवाचा हात सोडू नका. तिथंच पाय बुडवून बसायला फुकट कुंड आहेत. काकूंना तिथं बसवा. मोटेलातल्या कामानं माझ्या पायांचे तुकडे पडायचे, सुट्टीच्या दिवशी मी तिथं जाऊन बसायचे. शेजारी कधी जपानी म्हातारी, कधी शाळा चुकवलेली माओरी पोरं. कुणी कुणाला कुठून आलात विचारत नाही, सगळे आपले पाय बघत बसलेले असतात.

तिथून पाच मिनिटांवर तळ्याच्या काठाला ओहिनेमुतू नावाची माओरी वस्ती आहे. लोकांची राहती घरं आहेत, तेव्हा खिडकीतनं डोकावू नका. परसात, गटारीच्या झाकणातनं, रस्त्याच्या भेगेतनं वाफ येत असते. तिथल्या कबरी जमिनीच्या वर बांधलेल्या आहेत, कारण खाली खणलं की गरमच लागतं. सेंट फेथ्स नावाचं चर्च आहे, बाहेरून इंग्रजी घाटाचं आणि आत सगळं माओरी कोरीवकाम, भिंतीला विणलेल्या चटया. एका मोठ्या काचेच्या खिडकीवर येशू कोरलाय, अंगावर माओरी सरदाराचा झगा. काचेच्या पलीकडं खरं तळं. खुर्चीत बसून बघितलं की येशू रोटोरुआच्या पाण्यावरून चालत येतोय असं दिसतं. मी देवळात जाणारी बाई, पण तिथं बराच वेळ बसले होते. आत फोटो काढू देत नाहीत, तेही बरंच आहे.

चर्चसमोर सभागृह आहे, तमातेकापुआ नावाचं. तेआरावा लोक ज्या होडीतनं या देशात आले, तिच्या नायकाचं ते नाव. रोटोरुआ परिसर म्हणजे या तेआरावांचा मुलूख. तळ्यांच्या तळाची मालकी सरकारनं 2006 साली त्यांना परत केली.

आता तळं. तळ्याच्या मधोमध मोकोइया बेट दिसेल. तुमच्या सिद्धेश्वराचं देऊळ पाण्यात आहे तशी या बेटाची पण एक गोष्ट आहे, फक्त ती प्रेमाची. हिनेमोआ काठावरच्या सरदाराची मुलगी, तुतानेकाई बेटावरचा. घरच्यांना पसंत नाही, म्हणून रात्री होड्या वर ओढून ठेवल्या. तो रोज रात्री बेटावरून बासरी वाजवायचा. ही एका रात्री वाळके भोपळे अंगाला बांधून पाण्यात उतरली आणि त्या आवाजाच्या रोखानं पोहत गेली. तीनेक किलोमीटर गार पाणी! वर जाऊन गरम पाण्याच्या कुंडात बसली तेव्हा अंगात ऊब आली. ते कुंड अजून आहे. आपल्याकडं जुने लोक विहिरीत पोरांना भोपळा बांधूनच पोहायला शिकवायचे, त्यामुळं ही गोष्ट मी सासूबाईंना फोनवर सांगितली तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. "बरोबर आहे, भोपळा बुडत नाही," म्हणाल्या.

काठानं सपाट रस्ता आहे, गव्हर्नमेंट गार्डन्सपर्यंत. तिथली मोठी लाकडी नक्षीची इमारत म्हणजे 1908 चं बाथ हाऊस. युरोपातल्या आजारी श्रीमंतांनी इथं येऊन पाण्याचे उपचार घ्यावेत म्हणून सरकारनं बांधलं. पुढं त्यात संग्रहालय झालं, आणि 2016 च्या भूकंपानंतर इमारत धोक्याची ठरवून बंद केलं. हिरवळीवरून बाहेरून बघायला पण देखणी आहे. शेजारी पॉलिनेशियन स्पा. तिथल्या आम्लधर्मी झऱ्याला प्रीस्ट, म्हणजे पाद्री, म्हणतात, कारण 1878 साली संधिवातानं बेजार झालेले फादर माहोनी तिथं डुंबून बरे झाले अशी कथा. काकूंचे गुडघे बरे होतील असं मी म्हणत नाही, पण त्या रात्री झोप चांगली लागेल. डोकं पाण्याखाली घालायचं नाही, नाकात पाणी जाऊ द्यायचं नाही. गरम झऱ्यांत क्वचित एक अमीबा असतो, तो नाकावाटे मेंदूत जातो. तिथं तशी पाटीच असते. नातवाला आधीच सांगून ठेवा. आणि काकूंना बीपी असेल तर डॉक्टरांना विचारून.

दुपारनंतर फाकारेवारेवा गाव. याला मात्र तिकीट काढा. ते पुइया आणि हे गाव एकाच खोऱ्यात आहेत, मध्ये कुंपण. पोहुतू नावाचा मोठा गीझर ते पुइयाच्या बाजूला आहे, पण गावाच्या माचीवरून पण तो दिसतो. आधी शेजारचा लहान गीझर फुसफुसतो, मग पोहुतू उठतो. जोरात असला तर 30 मीटरपर्यंत पाणी जातं. ते पुइयात कोरीवकामाची शाळा आहे आणि किवी पक्षी आहे, ते तुम्हाला बघायचंच असेल तर तिकडं जा. मी गाव निवडेन, कारण तिथं फिरवणारी बाई तिथंच राहते. तिच्या आजीची कबर दाखवते, तिच्या चुलत्याचं घर दाखवते.

गावाच्या मध्यभागी एक निळंशार उकळतं कुंड आहे. त्यात जाळीच्या पिशवीत मक्याची कणसं सोडतात. बाई दोरी धरून पिशवी वर ओढते, पाणी निथळू देते, आणि कणीस हातात येतं तेव्हा दाणा न दाणा तटतटलेला. बाजूला जमिनीत लाकडी पेट्या बसवल्यात, झाकण उघडायचं, जेवण ठेवायचं, वाफेवर शिजतं. गॅस नाही, चूल नाही. त्या पेटीत मटण, कोंबडी सगळं एकत्र असतं, तुम्ही शाकाहारी असाल तर कणसावर भागवा.

आता यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. एकेकाळी रोटोरुआत घरोघर, हॉटेलाहॉटेलांत बोअर मारलेले होते. पाणी थंड नव्हे, गरम. घर तापवायला, आंघोळीला, पोहायच्या तलावाला. सगळे उपसत गेले आणि फाकारेवारेवाचे गीझर मंदावायला लागले, काही बंदच पडले. शेवटी 1986-87 मध्ये सरकारनं हुकूम काढला, पोहुतूपासून दीड किलोमीटरच्या आतले सगळे बोअर बंद. लोक भांडले, कोर्टकचेऱ्या झाल्या, पण बोअर सिमेंट भरून बुजवले. हळूहळू जमिनीतला दाब परत चढला. पापाकुरा नावाचा गीझर 1979 मध्ये थांबला होता, तो 2015 मध्ये पुन्हा उडायला लागला. दर उन्हाळ्यात आपल्या गल्लीत बोअरची गाडी रात्रभर घरघरते, शेजारच्यानं चारशे फूट नेला म्हणून आपण पाचशे नेतो. फाकारेवारेवाच्या त्या बाईला हे ऐकून काय वाटेल बघा!

दुसरा दिवस तारावेराचा. आधी बरीड व्हिलेज, म्हणजे त्या स्फोटात गाडलं गेलेलं 'ते वाइरोआ' नावाचं गाव. 1886 च्या आधी रोटोमहाना तळ्याच्या काठी गुलाबी आणि पांढऱ्या पायऱ्या होत्या, गरम पाण्यातली सिलिका, म्हणजे गारगोटीतलं द्रव्य, साठून साठून झालेल्या, डोंगराच्या उतारावर कुंडांखाली कुंडं. विलायतेहून लोक बोटीनं महिनोन्महिने प्रवास करून ते बघायला यायचे. ते वाइरोआतल्या माओरी बाया त्यांना होडीतनं घेऊन जायच्या. त्यात सोफिया नावाची प्रसिद्ध गाइड होती. स्फोटाच्या दहा-अकरा दिवस आधी तिच्या होडीतल्या लोकांना तळ्यावर एक जुन्या घाटाची, लढाईची माओरी होडी दिसली आणि धुक्यात नाहीशी झाली. तशी होडी त्या तळ्यावर कुणाचीच नव्हती. गोऱ्या प्रवाशांनीही हे लिहून ठेवलंय.

मग 10 जूनच्या पहाटे तारावेरा डोंगर फुटला. डोंगरापासून रोटोमहाना, वाईमंगूपर्यंत 17 किलोमीटर जमीन उसवली. तळंच उडालं, त्याचा चिखल होऊन गावांवर पडला. सुमारे 120 माणसं गेली, बहुतेक माओरी. सोफियाच्या घराचं छप्पर उताराचं आणि मजबूत होतं, त्यात साठेक माणसं वाचली. तुहोतो नावाचा म्हातारा पुजारी चार दिवसांनी चिखलाखालनं जिवंत निघाला. ते वाइरोआत आज हे उकरून काढलेलं सगळं बघायला मिळतं, त्या म्हाताऱ्याच्या घराची जागा पण. खाली धबधब्याकडं जाणारी वाट उभी आहे, काकूंना तिकडं नेऊ नका, वरचा भाग सपाट आहे.

वाचलेल्यांना कुठं जागा मिळाली? फाकारेवारेवात. सोफिया पण तिथंच गेली आणि पुन्हा गाइड झाली. आदल्या दिवशी तुम्हाला गाव दाखवणाऱ्या बाईच्या घराण्याची ही कहाणी असते, म्हणून मी क्रम सांगितला.

शेवटी वाईमंगू. हे खोरं त्या रात्रीच तयार झालं, त्याआधी तिथं गरम पाणी वगैरे काही नव्हतं. वरनं सुरुवात करायची आणि खाली रोटोमहानाच्या काठापर्यंत उतरत जायचं, परत यायला बस. मध्ये पण थांबे आहेत, काकू दमल्या की पुढच्या थांब्याला बसमध्ये बसतील. तुमच्यासारख्या माणसाला ती बस आवडेल, वेळेवर येते. वाटेत वाफाळणारं मोठं तळं लागतं, फ्राइंग पॅन म्हणतात. त्याच्या वर इन्फर्नो क्रेटर, फिकट निळं पाणी. हे पाणी साधारण 38 दिवसांच्या फेऱ्यात चढतं आणि उतरतं, आठेक मीटर. तिथं चढायला पायऱ्या आहेत, तुम्ही आणि मुलगा जाऊन या. याच खोऱ्यात 1900 ते 1904 जगातला सगळ्यात उंच गीझर उडायचा, काळं पाणी आणि दगड, चारशे मीटरच्या वर. 1903 मध्ये फार जवळ गेलेले चार जण त्यात दगावले. मग एक दिवस तो बंद पडला तो पडलाच.

वाई-ओ-तापू नावाचं रंगीत कुंडांचं ठिकाण आहे, ते सोडा असं म्हणेन. रंग सुंदर आहेत, तिथल्या शॅम्पेन पूल नावाच्या कुंडाचा नारिंगी काठ मी विसरणार नाही. पण गर्दी, आणि तिथला लेडी नॉक्स गीझर रोज सकाळी सव्वादहाला साबण टाकून उडवतात. वेळापत्रकावर चालणारा ज्वालामुखी बघायला एस.टी.च्या माणसानं कशाला जावं!

निवृत्त_कंट्रोलर

ताई, वाचून सौ.ला पण वाचून दाखवलं. वेळापत्रकावरून जो टोमणा मारलात तो पोचला. उलट मला तर आता तो सव्वादहाचा गीझरच बघावासा वाटतोय, आमच्या डेपोत कधी एक गाडी सव्वादहाला सुटली नाही.

सौ.चे प्रश्न: त्या वासाचा त्रास होतो का, रात्री झोपताना? दागिने घालावेत का? शेंगाची चटणी आणि कडक भाकरी नेता येते का? माझा प्रश्न: आपला सगळा मुलूख पण ज्वालामुखीचाच आहे असं शाळेत शिकलो. मग आपल्याकडं अशी तळी, असे गीझर का नाहीत?

काळापाषाण

शेवटच्या प्रश्नाचं मी सांगतो, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचो.

तुमच्या घराच्या पायाखाली जो काळा दगड आहे तो बेसाल्ट. दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिला, डोंगरातनं नव्हे, जमिनीच्या लांबच लांब भेगांतून. तो काकवीसारखा पातळ, त्यामुळं थर पसरत गेले आणि मोठे खड्डे करणारे स्फोट फारसे झाले नाहीत. आता त्या आगीला इतका काळ लोटलाय की खाली तापवायला काही उरलेलं नाही.

रोटोरुआत उलटं. तिथं पॅसिफिक महासागराची प्लेट, म्हणजे भूकवचाचा प्रचंड तुकडा, न्यूझीलंडच्या उत्तर बेटाखाली सरकतेय, आजही. त्यातून होणारा लाव्हा सिलिकानं भरलेला, चिकट, वायू अडकवून ठेवणारा. तो साचतो आणि एकदम फुटतो. रिकाम्या झालेल्या पोटावर जमीन खचून बशीसारखा खड्डा होतो, त्याला कॅल्डेरा म्हणतात. रोटोरुआचं तळं म्हणजे सुमारे 2 लाख 40 हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटानं झालेला कॅल्डेरा, जवळपास 80 चौरस किलोमीटर. पण खोली सरासरी 10 मीटरच. मोकोइया बेट म्हणजे नंतर आतून वर आलेला घट्ट लाव्ह्याचा घुमट. जमिनीखाली खोल तापलेला खडक आहे, वरून पावसाचं पाणी झिरपतं, तापून परत वर येतं. वाट अरुंद असली आणि दाब बसला की गीझर, पाणी कमी आणि आम्ल जास्त असलं की खडक विरघळून चिखलाची कुंडं.

लोणार कुणीतरी मध्ये आणेलच म्हणून आधीच सांगतो: लोणारचं तळं उल्केच्या आघातानं झालंय, ज्वालामुखीनं नाही, जरी खडक बेसाल्टच असला. आणि कोकणात उन्हवरे, तुरळ, राजापूर, इकडं वज्रेश्वरी-गणेशपुरी, इथली गरम कुंडं पण ज्वालामुखीची नव्हेत. तिथं पाणी भेगांतून खोल उतरतं, खालच्या साध्या उष्णतेनं तापतं आणि वर येतं. वज्रेश्वरीला कणीस शिजवायला गेलात तर संध्याकाळपर्यंत बसावं लागेल.

सातरस्ता ताईंनी एक गोष्ट गाळली. ओहिनेमुतूपासून गाडीनं पूर्वेला गेलात तर रोटोइती तळ्याच्या पुढं जंगलातून एक रस्ता लागतो, होंगीज ट्रॅक. 1823 मध्ये उत्तरेकडच्या होंगी हिकानं मोकोइयावर चढाई केली. बेटावरचे लोक निर्धास्त, कारण शत्रूच्या होड्या समुद्रात, तळं आत. त्यानं होड्या नद्यांतून आणि तळ्यांतून आणल्या आणि मधल्या जंगलातून जमिनीवरून ओढत नेल्या. शिवाय त्याच्याकडं बंदुका होत्या, बेटावर जवळपास नव्हत्याच. आपला भुईकोट पण तलावाच्या पाण्याच्या भरवशावर बांधलेला, त्यामुळं मला ही लढाई फार जवळची वाटते. वाट थोडकी आहे, गाडी थांबवून दहा मिनिटं चाललात तरी होड्या ओढायला काय लागलं असेल ते कळतं.

सातरस्ता

सर, होंगीची आठवण बरी केलीत. आम्ही त्या रस्त्यानं समुद्रावर जायचो तेव्हा ह्यांना दरवेळी तिथं थांबायचं असायचं.

काकूंसाठी:

वासाची दोन दिवसांत सवय होते, गंमत म्हणजे नाकच सांगायचं बंद करतं. पण मोटेलच्या खोलीत खिडकी पूर्ण लावून झोपू नका, फट ठेवा. हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि बंद, खालच्या जागेत साठतो. आमच्या मोटेलात खोली आवरायला गेलं की पहिलं काम खिडक्या उघडायचं, चादरी नंतर. दम्याचा त्रास असेल तर तळ्यापासून आणि वाफेच्या जागांपासून लांबचं मोटेल घ्या.

दागिन्यात चांदी नको. माझी जोडवी तिथं पोचून काही दिवस झाले नाहीत तोवर अशी काळी पडली की मला वाटलं सोनारानं फसवलं. चिंचेनं घासायची, परत काळी. पैंजण, चांदीची पेटी, देवाचं ताम्हण सगळं एका वर्षात लोखंडासारखं दिसायला लागलं. नळाच्या तोट्या, टीव्हीतल्या तारा, काहीच टिकत नाही तिथं, दुरुस्तीवाल्यांची चंगळ. सोन्याला काही होत नाही. मंगळसूत्राचे काळे मणी काळेच आहेत, त्यांची काळजी नको. गरम कुंडात उतरताना मात्र सगळंच काढा.

खायचं: काहीही नेलंत तरी विमानतळावरच्या अर्जात "खाद्यपदार्थ आहे" असं सांगा. चटणी, भाकरी, लाडू, मसाल्याची पुडी, विमानात मिळालेलं सफरचंदसुद्धा. सांगितलंत तर फार तर काढून ठेवतील. लपवलंत किंवा विसरलात तर तिथल्या तिथं 400 डॉलर दंड, आणि वय बघून सोडत नाहीत. मध, बिया, कच्च्या डाळी, ताजा कढीपत्ता नेऊच नका. बूट पण धुऊन न्या, तळव्याला शेतातली माती असली तर तीही विचारतात.

आणि एक राहिलं. फेब्रुवारी तिथला उन्हाळा, पण आपला नव्हे. दुपारी बावीस-तेवीस डिग्री, रात्री गार. स्वेटर वरच्या बॅगेत ठेवा. ऊन कोवळं वाटतं आणि कातडी भाजते, टोपी घाला. दोन दिवसांत वेळ उरलाच तर रेडवूडच्या जंगलात जा. 1901 साली कॅलिफोर्नियाची झाडं लावून बघितली, ती अशी वाढली की वर बघताना टोपी पडते. खालून चालायला तिकीट नाही, वाट मऊ आणि सपाट. वर झाडाझाडांना टांगलेले पूल आहेत, त्याचं मात्र तिकीट आहे, नातू आणि त्याचा बाप जाऊ देत.

बाकी काही विचारायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

निवृत्त_कंट्रोलर

वाचनखूण साठवली. दोघांचे आभार, सरांचे विशेष, नातवाला काकवीचं उदाहरण लगेच पटलं.

ठरलं असं: पहिला दिवस कुइराउ, ओहिनेमुतू, फाकारेवारेवा. दुसरा दिवस ते वाइरोआ आणि वाईमंगू. सव्वादहाच्या गीझरचा हट्ट मुलानं मोडून काढला. सौ.नं जोडवी काढायला साफ नकार दिलाय, काळी तर काळी म्हणते. चटणी अर्ध्या किलोवर आलीय आणि अर्जात लिहायची जबाबदारी माझ्यावर.